‘परत आला का?’

“मॅडम, कंबर धरलीय. परत आला का?” काय परत आला, ते कुणी उच्चारत नाही. ओटीपोटावर रेडिएशन घेतलेल्या बायकांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते, म्हणून ठाण्यातल्या एका मावशींची गोष्ट सांगते.

वय ५४, गर्भाशयमुखाचा कॅन्सर, ‘लाईट’ म्हणजे रेडिएशन घेऊन दीड वर्ष झालेलं. आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. तीन भेटी झोपेवरच गेल्या. चौथ्या वेळी खुर्चीतून उठताना त्यांनी टेबल दोन्ही हातांनी धरलं.

“कधीपासून दुखतंय?”

“दिवाळीपासून. पण फराळ उभ्यानेच करायचा असतो ना.”

“आणि तपासणीची तारीख?”

“कागद देवघरात आहे. कुंकवाच्या करंड्याखाली.” मग बराच वेळ गप्प. “कुणी सांगत नाही तोवर मी बरीच आहे ना?”

“काही नसेल हो” हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, आणि आजही मला तेच बरोबर वाटतं. दिलासा दिला की घाबरलेलं माणूस मान डोलावतं आणि भीती घेऊन घरी जातं. मी फक्त विचारलं, “पडल्यावर जास्त दुखतं, की उभं राहिल्यावर?”

त्या विचारात पडल्या. “पोळ्या लाटताना. स्टेशनचा जिना चढताना. आडवं झालं की निवतं.” इतके महिने त्या कॅन्सरबद्दल विचार करत होत्या, दुखण्याकडे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. हे सगळं त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहून घेतलं. डॉक्टरांपुढे बोबडी वळली तर कागद पुढे करायचा.

रेडिएशनची झळ वाटेतल्या हाडांना आणि त्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांनाही बसते. त्यात पाळी लवकर गेली असेल तर हाड आणखी ठिसूळ होतं. मग न पडता-झडताही कमरेखालच्या त्रिकोणी हाडाला तडा जाऊ शकतो, बरेचदा पहिल्या दोनेक वर्षांत. साध्या एक्स-रेत तो निसटतो, एमआरआयमध्ये दिसतो. म्हणून हाडाच्या डॉक्टरांना रेडिएशनचं आधी सांगा, आणि तपासणीआधी मालीशवाल्याकडे मुळीच जाऊ नका. तुमचंही दुखणं तड्याचंच आहे असं मी म्हणणार नाही. ते ठरवणं माझं काम नाही. पाय बधिर झाले किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मावशींच्या एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंना तडे निघाले, गाठ नाही. विश्रांती, काठी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. हाड बळकट करणाऱ्या इंजेक्शनाने क्वचित जबड्याला त्रास होतो, म्हणून ते द्यायच्या आधी दात तपासून घेतले.

पुढच्या वेळी काठी टेकत आल्या. झोप कशी आहे, विचारलं.

“झोप लागते. पोळ्या आता सून लाटते.” मग दाराकडे बघून हळूच, “जाड करते.”