चिवड्याचा डबा हलवला की दाणे-खोबरं वर आणि तिखट-मीठ तळाशी का जातं?

जड वस्तू खाली जायला पाहिजे ना, असं तुम्ही विचारलंय. पाण्यासारखं पातळ काही असतं तर गेली असती, पण सुट्ट्या दाण्यांचा हिशोब वेगळा. डबा हलला की सगळा माल क्षणभर सैल होतो, दाण्यांमध्ये फटी पडतात, आणि त्या फटीत काय मावणार तर बारीक शेवेचा चुरा, मीठ, तिखट. अख्खा शेंगदाणा घुसायचा तर तेवढी मोठी जागा एकदम रिकामी व्हावी लागते आणि ते क्वचितच होतं, मग प्रत्येक हिसक्याला बारीक माल खाली आणि मोठा आपोआप वर ढकलला जातो. ब्राझील नट इफेक्ट म्हणतात याला, ब्राझील नट म्हणजे सुक्यामेव्यातला एक मोठा, लांबट दाणा.

पण एवढंच नाही हं. शिकागोमध्ये १९९३ साली काचेचे मणी भरलेला उभा सिलेंडर ठोकून बघितला तर मधले मणी वर येत होते आणि कडेने पातळ थरातून खाली जात होते, मोठा मणी मधून वर यायचा आणि त्या पातळ थरात मावत नाही म्हणून वरच अडकायचा. आणि २०२१ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एक्स-रे स्कॅन काढून दाखवलं की लांबट ब्राझील नट आधी उभा होतो, मगच वर सरकतो.

औषधाच्या गोळ्या बनवणाऱ्यांना याचा भारी ताप, पावडर वेगळी झाली की डोस कमीजास्त.

घरी उपाय म्हणाल तर डबा हलवत बसू नका, त्याने अजून बिघडतं. तिखट-मीठ गरम फोडणीतच घाला म्हणजे तेलाने पोह्यांना चिकटून राहतं, आणि वाढताना डाव तळापर्यंत घालून काढा.