गळती कमी झाली म्हणून खूश होऊ नकोस

कोयनेसारख्या काँक्रीटच्या धरणावर पहिलीच नेमणूक ना? मग स्क्रीनवरचा गळतीचा आकडा एकटा वाचू नकोस. शेजारी जलाशयाची पातळी आणि तापमान ठेव. थंडीत काँक्रीट आकसतं, सांधे उघडतात, गळती थोडी वाढतेच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट धरण भरलेलं असताना गळती घटली आणि धरणाच्या पायातलं अपलिफ्ट, म्हणजे पाण्याचा खालून वर ढकलणारा दाब, चढलं, तर ड्रेन होल, म्हणजे झिरपलेलं पाणी काढून देणारी भोकं, चुन्याने बुजली असतील. बॅटरी घेऊन गॅलरीत, म्हणजे धरणाच्या आतल्या बोगद्यात, उतर, पांढरा थर दिसतो का बघ. व्ही-नॉचवरची, म्हणजे गळती मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेवरची, पातळीही पट्टीने स्वतः मोज, सेन्सरसुद्धा भरकटतात. आणि भूकंप? ११ डिसेंबर १९६७ च्या धक्क्याने कोयनेच्या भिंतीला तडे गेले होते. त्यामुळे जाणवण्याइतका धक्का बसला की रीडिंग्ज लगेच घ्यायची, सकाळची वाट बघायची नाही.