सोळा तास की साडेपाच?

प्रश्न : मुलगा न्यूजर्सीला असतो. त्याने मुंबई–न्यूयॉर्क थेट विमानाचं तिकीट पाठवलंय. १५ जानेवारीला रात्री १.३० ला निघणार, त्याच दिवशी सकाळी ७ ला पोचणार. म्हणजे साडेपाच तासांत अमेरिका? नातू म्हणतो, अंतर साडेबारा हजार किलोमीटर, वेग ताशी नऊशे, म्हणून चौदा तास. परतीचं विमान दुपारी १२ चं, मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १ ला. खरं काय धरायचं?
— एक आजी, गोरेगाव (पूर्व)

उत्तर : आजी, सोळा तास धरा. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची छापतात. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. तिथे सकाळचे ७ वाजतात तेव्हा गोरेगावात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. रात्री दीडपासून मोजा, सोळा भरतात. परतीचे याच हिशेबाने साडेचौदा. (मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, मग फरक साडेनऊचा. फोर्टात तिकिटं काढून देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या एका तासापायी काउंटरवर भांडणं झालेली पाहिली आहेत.)

नातवाचा भागाकार बरोबर आहे, पण साडेबारा हजार हे सर्वांत जवळच्या वाटेचं अंतर. त्याच्या पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ अरबस्तान, इजिप्तवरून जाते; गोलावरचा दोरा मात्र पाकिस्तान, अफगाणिस्तानवरून उत्तरेकडे चढतो, रशियात सेंट पीटर्सबर्गच्या आसपास जातो आणि नॉर्वे, आइसलंड करत खाली उतरतो. कितीदा पाहिलं तरी मला त्याची गंमत वाटते.

विमानाला ही वाट मिळेलच असं नाही. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. रशियाचं आकाश अमेरिकी कंपन्यांना २०२२ पासून बंद झालं. मग वळसा आला, वळशाला इंधन आलं.

जाता-येता दीड तासाचा फरक पडतो तो वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त. जाताना ते तोंडावर, येताना पाठीवर. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतचा असतो. आपल्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. उड्डाणासाठी रांगेत थांबायला लागलं तर घाबरू नका.

आता महत्त्वाचं. १५ तारखेची रात्री दीड म्हणजे १४ ची रात्र. १५ ला रात्री जेवून निघालेले, दारातून परत फिरलेले प्रवासी मी पाहिले आहेत. तीन तास आधी पोचायचं, म्हणून १४ ला साडेनऊलाच घर सोडा. हायवेचा भरवसा नको. गोळ्या हातातल्या पिशवीत, सीट चालण्याच्या वाटेकडेची मागा. आणि मुलाला सांगा, सातला दाराशी येऊ नकोस. इमिग्रेशन, बॅगा धरून साडेआठ तरी होतील.