घरी रायफलची काडतुसं भरायला सुरुवात करायची तर आधी काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की .३०८ विंचेस्टरची बोल्ट रायफल घेऊन वर्ष झालं, रिकाम्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी) साठवून ठेवल्यात, आणि आता घरीच काडतुसं भरायची तर पहिली प्रेस (काडतूस भरण्याचं दांड्याचं यंत्र) कोणती घ्यावी. माझं सरळ उत्तर असं की प्रेस सगळ्यात शेवटी घ्या. आधी पुस्तक घ्या, मग वजनकाटा, मग कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन).

त्याही आधी कायदा. काही देशांत हा छंद मोकळा आहे. काही ठिकाणी मात्र काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा बनवणंच समजलं जातं आणि परवान्याशिवाय तो गुन्हा ठरतो. रायफलचा परवाना हातात आहे म्हणून भरण्याचीही मुभा मिळते, असं धरून चालू नका. बारूद आणि प्रायमर (पुंगळीच्या बुडात बसणारी, बारूद पेटवणारी टोपी) घरात किती ठेवता येतात, यालाही बहुतेक ठिकाणी मर्यादा असते. परवानगी नसेल तर हा विषय तिथेच सोडा, पुढचं काही करू नका.

आता पुस्तकाबद्दल. बारूद आणि गोळी बनवणाऱ्या कंपन्या लोडिंग मॅन्युअल काढतात. त्यात कोणत्या गोळीला कोणता बारूद, सुरुवातीचं माप किती आणि कमाल माप किती, हे चाचणी करून दिलेलं असतं. सुरुवात नेहमी खालच्या मापापासून करायची. दोन मॅन्युअलमधले आकडे थोडे वेगळे दिसतील, कारण चाचणीची नळी, पुंगळी, प्रायमर सगळंच वेगळं असतं. अशा वेळी जास्त सावध असलेला आकडा धरा. मी या उत्तरात एकही माप देणार नाही, आणि कुणा अनोळखी माणसाने 'माझ्या रायफलीत हे छान चालतं' म्हणून दिलेलं माप तुम्हीही घेऊ नका. .३०८ साठी अमेरिकी मानकाप्रमाणे कमाल दाब ६२,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. मोटारीच्या चाकात साधारण ३०-३५ असतो. हा दाब तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तयार होतो.

काट्यावर पैसे वाचवू नका. बारूद ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ६४.८ मिलिग्रॅम. आपल्याला एक दशांश ग्रेनपर्यंत अचूक मोजायचं असतं, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा काटा हलतो. तपासणीची वजनं सोबत घ्या आणि दर वेळी बसण्याआधी काटा पडताळा.

काडतुसाचे चार भाग: पुंगळी, प्रायमर, बारूद आणि गोळी. यातली पुन्हा वापरता येते ती फक्त पुंगळी, आणि नवशिक्याचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तेही तिच्याकडेच. म्हणून पहिले काही दिवस काहीही भरू नका, साठवलेल्या पुंगळ्या उजेडात धरून एकेक पाहा. मानेला, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडाला, चीर आहे का? आत डोकावल्यावर तळाशी मध्यभागी एकच भोक दिसतं की दोन छोटी? एक असेल तर बॉक्सर पद्धतीचा प्रायमर, दोन असतील तर बर्डन. घरच्या साध्या डायने (प्रेसमध्ये बसवायच्या पोलादी साच्याने) बॉक्सरचाच प्रायमर काढता येतो. बर्डनच्या पुंगळ्या बाजूला ठेवा. (गंमत म्हणजे बॉक्सर ब्रिटिश आणि बर्डन अमेरिकी, पण अमेरिकेत रुजली ती बॉक्सरची पद्धत.)

मग बुडाच्या थोडं वर बाहेरून बघा. तिथे पुंगळीभोवती चकचकीत बारीक कडं दिसलं तर थांबा. पेपरक्लिप सरळ करून तिचं टोक काटकोनात वाकवा आणि आतल्या भिंतीवरून तळापासून वर ओढा. टोक एखाद्या खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर तिथलं पितळ आतून पातळ झालंय. पुढच्या बाराला ती पुंगळी तिथेच तुटू शकते आणि तप्त वायू मागे येऊ शकतो. पक्कडीने चेपून फेकून द्या, म्हणजे चुकून परत ढिगात येणार नाही. हे बहुतेकदा डाय चुकीची लावल्यामुळे होतं: साइझिंग करताना, म्हणजे पुंगळी डायमध्ये दाबून परत मापात आणताना, खांदा (मानेखालचा उतरता भाग) गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला जातो आणि प्रत्येक बाराला पितळ ताणलं जातं. बोल्ट रायफलसाठी खांदा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास मागे गेला तरी पुरतं. तेवढं मोजायचं गेज मिळतं, ते प्रेसबरोबरच घ्या.

लांबीही मोजा. .३०८ ची पुंगळी ५१.१८ मिलिमीटरपेक्षा लांब नको. लांब झालेल्या पुंगळीचं तोंड चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढच्या कडेत दाबलं जातं, गोळीला घट्ट धरून ठेवतं आणि दाब एकदम चढतो. साइझिंगनंतर मोजा, आधी नको, कारण डायमधून निघताना पुंगळी लांबते.

साइझिंगआधी पुंगळीला ल्यूब (वंगण) लावायचं. मी सुरुवातीला हात आखडता घेतला होता. तिसऱ्या दिवशी एक पुंगळी डायमध्ये अशी रुतली की प्रेसचा दांडा वर ओढताना तिची कडच फाटून आली. बुडाला भोक पाडून, आटे कापून, बोल्ट लावून ती बाहेर ओढेपर्यंत संध्याकाळ गेली. ल्यूब फार झालं तर मात्र खांद्यावर खळगे पडतात. बोटांना नुसतं ओशट लागेल एवढंच हवं.

प्रायमर बसवताना चष्मा घालाच. बसवल्यावर बुडावरून बोट फिरवा: प्रायमर किंचित आत हवा, वर आलेला जाणवता कामा नये. ते मूळ डब्यातच ठेवा. बरणीत एकत्र ओतले तर एक फुटल्यावर सगळे फुटू शकतात.

बारूद भरताना टेबलावर एकच डबा हवा. एकदा माझ्याकडून दोन उघडे राहिले आणि काम संपल्यावर उरलेला बारूद कुठल्या डब्यातला हेच आठवेना. तो सगळा बारूद आणि त्या दिवशी भरलेली सगळी काडतुसं मी बाद केली. दोन बारूद डोळ्यांना अगदी सारखे दिसतात, जळतात मात्र वेगवेगळ्या वेगाने. पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून भरा आणि गोळ्या बसवण्याआधी टॉर्च मारून सगळ्यांत एकाच उंचीला बारूद दिसतोय का ते पाहा. रिकामी राहिलेली पुंगळी फार घातक: नुसत्या प्रायमरने गोळी नळीत अडकते, आणि मागून दुसरा बार काढला तर रायफल फुटू शकते. बार नेहमीपेक्षा बारीक वाजला तर थांबून नळी तपासा. फोन, टीव्ही, गप्पा, सिगारेट यांतलं काहीही त्या खोलीत नको. उठल्यावर हात साबणाने धुवा, कारण प्रायमरच्या राखेत शिसं असतं.

पैसे वाचतात का, हेही तुम्ही विचारलंय. सुरुवातीला नाही. तुमच्याच नळीला जमेल असं एकसारखं काडतूस मिळतं, माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

पहिल्यांदा दहाच भरा, खालच्या मापाची. रेंजवर प्रत्येक बारानंतर पुंगळी हातात घ्या. प्रायमर चपटा होऊन कडेपर्यंत पसरला, बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकाकता ठसा उमटला किंवा रायफलच्या बोल्टचा दांडा उचलायला जोर लागला, तर उरलेली झाडू नका, घरी आणून उघडा. पण ही चिन्हं दिसली नाहीत म्हणून कमाल मापाच्या वर जाऊ नका, दाब वाढला तरी ती दर वेळी दिसतातच असं नाही. डब्यावर तारीख, बारूद, माप, गोळी, प्रायमर आणि ही पुंगळी कितव्यांदा भरली ते लिहून ठेवा. चिठ्ठी नसलेला डबा माझ्याकडे सापडला तर मी त्यातलं एकही काडतूस झाडत नाही.