गृहीतके तपासली तर आत्मविश्वास ढळेल का?

“माझ्याच प्रत्येक विचारावर मी शंका घेऊ लागले, तर उद्या साधा निर्णय तरी घेता येईल का?” असे विचारत एक मध्यमवयीन बाई माझ्याकडे आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ही काळजी मी अनेकांकडून ऐकते आणि तिला आधार आहे, कारण एकच विचार मनात घोळवत राहणे आणि गृहीतक तपासणे यांतला फरक सुरुवातीला चटकन लक्षात येत नाही.

त्यांची अडचण अशी होती, की अहवालावर वरिष्ठांचे उत्तर दोन दिवस आले नाही की ‘ते नाराज आहेत’ असे त्या धरून चालत, बैठकीत गप्प राहत, आणि त्या बोलत नाहीत म्हणून वरिष्ठांनी त्यांना विचारणे कमी केले की तोच नाराजीचा पुरावा ठरे. मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांमध्ये असे आपोआप उमटणारे विचार टिपले होते. ते इतक्या झटकन येतात, की माणूस त्यांना वस्तुस्थितीच समजतो.

मी त्यांच्यापुढे २, ४, ६ हे आकडे ठेवले आणि त्यांमागचा नियम, स्वतः तीन-तीन आकडे सुचवून, शोधायला सांगितले. त्यांनी ८, १०, १२ आणि मग २०, २२, २४ सुचवले. दोन्ही नियमात बसतात असे मी म्हटल्यावर ‘दोनाने वाढणारे सम आकडे’ असे त्यांनी ठामपणे सांगितले. नियम मात्र एवढाच होता, की आकडे चढत्या क्रमाने असावेत. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग आहे. आपला अंदाज चुकीचा ठरवू शकेल असा एकही प्रश्न आपण विचारला नाही, हे त्यांना तिथेच उमगले.

त्यानंतर आम्ही रोजचा अभ्यास ठरवला: काम संपवून उठण्यापूर्वी दिवसातले एकच गृहीतक वहीत लिहायचे, त्यापुढे प्रत्यक्ष काय पाहिले वा ऐकले ते नोंदवायचे, आणि ‘काय घडले तर हे चुकीचे ठरेल?’ या प्रश्नाचे उत्तर लिहायचे. शेवटचा रकाना सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा, कारण तिथे शंकेला शेवट मिळतो. पडताळा झाला की वही मिटायची. (ज्यांना कुलूप लावले की नाही हे पुनःपुन्हा पाहावे लागते, अशांनी मात्र हा अभ्यास तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा.) मधले काही दिवस चुकल्याने त्या खट्टू झाल्या, तेव्हा मी त्यांना फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाविषयी सांगितले: सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण व्यक्तीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही.

त्यांनी वरिष्ठांना थेट विचारले, तेव्हा अहवाल अजून उघडलेलाच नसल्याचे कळले. पुढे एकदा नाराजी खरी निघाली. त्या नोंदीपुढे त्यांनी ‘बरोबर होते’ असे लिहिले, नेमके काय बदलायचे ते विचारून घेतले आणि त्याच दिवशी मांडणी सुधारली. वर्षानुवर्षांच्या एका जवळच्या नात्याविषयीच्या नोंदीत शेवटचा रकाना अजून रिकामा आहे. पुढच्या भेटीत आम्ही तिथूनच सुरुवात करणार आहोत.