सौर ज्वाला टिपणाऱ्या यानावर दर आठवड्याला काय काम असतं? एकदा सोडलं की ते आपोआप चालत नाही का?

आमच्या सोलापुरात एक मामा आहेत, प्रत्येक पंगतीत ऐकवतात, "उपग्रह वर गेला की संपलं, खालचे नुसते पगार खातात." त्यांचा जन्म चादरीच्या मागावर गेलाय, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगतो: जॅकार्डचा माग, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारा माग, स्वतः चालतो, पण पुठ्ठ्यांना भोकं आधी कुणीतरी पाडतं. एक भोक चुकलं की चूक चादरभर.

सौर ज्वाला, म्हणजे सूर्यावरचे अचानक होणारे स्फोट, टिपणारं नासाचं रेसी (RHESSI) यान घ्या. फेब्रुवारी 2002 मध्ये सोडलं, सुमारे 600 किमी उंची, साधारण 96 मिनिटांत एक फेरी. आधी पुढच्या दिवसांची कक्षा काढायची. त्यावरून यान पृथ्वीच्या सावलीत कधी शिरणार, दक्षिण अटलांटिकवरच्या किरणोत्सर्गी पट्ट्यातून कधी जाणार आणि अमेरिकेतल्या बर्कलीच्या 11 मीटर अँटेनाला कधी दिसणार, हे ठरतं. मग वेळ घातलेल्या आज्ञांची फाइल वर चढवायची. सूर्य जोरात असला की वरचं वातावरण फुगतं, घर्षण वाढतं आणि काढलेली कक्षा लवकर शिळी होते. जुन्या फाइलवर विसंबलात तर सावलीच्या, पट्ट्याच्या वेळा सरकतात.

खरी मारामारी मेमरीची. रेसी अख्खा सूर्य एकदम बघायचं, त्यामुळे नेम धरायची कटकट नव्हती. पण प्रत्येक क्ष-किरण फोटॉनची वेळ आणि ऊर्जा नोंदवायचं, आणि साठवण फक्त 4 जीबी. मोठी ज्वाला आली की ती भराभर भरते, आणि पुढच्या अँटेना-भेटीपर्यंत रिकामी होत नाही. त्यामुळे सावलीत डिटेक्टरांच्या पुढच्या, म्हणजे सूर्याकडच्या, भागाची नोंद बंद ठेवायची, आणि मेमरी भरत आली की कमी ऊर्जेच्या फोटॉनांपैकी ठरावीकच ठेवायचे. डिटेक्टर गुदमरू लागले की क्ष-किरण अडवणारे पातळ आणि जाड शटर आपोआप त्यांच्यापुढे सरकायचे. हो मामा, एवढं मात्र आपोआप! पण कोणत्या मर्यादेला सरकायचं ते माणसांनीच ठरवलेलं, आणि नंतर आकडे वाचताना कुठलं शटर कधी पुढे होतं हे विसरलात तर वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन आले याचा हिशेब, चुकीचा निघतो.

शिवाय रोजची देखरेख. यान मिनिटाला सुमारे 15 गिरक्या घ्यायचं, कारण चित्र त्या गिरकीतूनच बनायचं. नऊ जर्मेनियम डिटेक्टर शीतयंत्राने उणे 200 अंशांच्या आसपास ठेवावे लागायचे. किरणोत्सर्गाने त्यांचे स्फटिक बिघडले की थंडावा बंद करून ते तापवायचे, कित्येक दिवस. पहिल्यांदा 2007 मध्ये. तेवढा काळ निरीक्षण बंद. चुकून मोठी ज्वाला तेव्हाच आली तर गेली.

मामांसारखा कुणी वाद घालायला आला तर त्याला फक्त विचारा, मेमरी भरल्यावर पहिल्यांदा काय टाकून द्यायचं? तो गप्प बसेल.

हे सगळं जवळच्या कक्षेतल्या यानाचं, हे आधी सांगायला हवं होतं. आपलं आदित्य-एल1 पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किमीवर आहे, त्याला ना पृथ्वीची सावली ना तो पट्टा. पण तिथली कक्षा स्वतःहून टिकत नाही, अधूनमधून इंजिन चालवून ती सावरावी लागते, आणि एवढ्या अंतरावरून माहिती उतरवायला मोठ्या अँटेनाची वेळ ठरवून घ्यावी लागते.