ड्रोनने रणगाडा संपवला का? युक्तिवाद बांधण्याविषयी थोडे सविस्तर

धुळ्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका सदस्याने निबंध स्पर्धेसाठी ‘ड्रोनमुळे रणगाड्यांचे युग संपले असून भारताने रणगाड्यांवरील खर्च थांबवावा’ असे प्रतिपादन केले होते. प्राध्यापकांनी ‘माहिती भरपूर, युक्तिवाद कच्चा’ असा शेरा देऊन तो मसुदा परत केला. तंत्रज्ञान, युद्ध आणि राजकारण या विषयांवर पक्का युक्तिवाद कसा उभारावा, असा त्यांचा प्रश्न आहे. सोबत जोडलेला मसुदा मी पूर्ण वाचला. शेरा योग्य आहे. तो का योग्य आहे हे सांगायला मात्र जागा लागेल.

तुमच्या एका वाक्यात दोन वेगळी विधाने आहेत. पहिले विधान जगात काय घडले याविषयी आहे आणि दुसरे भारताने काय करावे याविषयी. पहिले सिद्ध झाले म्हणून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही, कारण या दोहोंच्या मध्ये भूप्रदेश, शत्रूची तयारी, आपल्या कारखान्यांची क्षमता आणि पैसा असे बरेच काही आहे आणि त्याबद्दल मसुद्यात एक अक्षरही नाही. शिवाय पहिल्या विधानासाठी दिलेला पुरावा जवळजवळ सगळा एकाच युद्धातला आहे, तो म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२० या काळात अझरबैजान आणि आर्मेनिया यांच्यात नागोर्नो-काराबाखसाठी झालेल्या ४४ दिवसांच्या युद्धातला.

त्या युद्धात तुर्कस्तानी बायरक्तार टीबी-२ आणि इस्रायली हारोप या ड्रोननी आर्मेनियाच्या रणगाड्यांचा फडशा पाडला, हे खरे आहे. पण आर्मेनियाची हवाई संरक्षण यंत्रणा बरीचशी जुनी सोव्हिएत बनावटीची होती आणि अझरबैजानने जुनी अँटोनोव्ह-२ विमाने वैमानिकाविना उडवून ती यंत्रणा उघडी पाडली, हे मसुद्यात येत नाही. युद्धाचा निकाल लावणारे शुशा शहर तर डोंगर चढून गेलेल्या पायदळाने घेतले. ड्रोनच्या पोटाला कॅमेरा असतो, म्हणून ड्रोनचा पराक्रम घरोघरी पोहोचतो; कड्यावर चढणाऱ्या शिपायाचे चित्रण कोणी प्रसिद्ध करत नाही. ज्या पुराव्याची छायाचित्रे निघतात तोच पुरावा आपल्याला अधिक दिसतो, ही जाणीव लिहिणाऱ्याने सतत बाळगावी लागते. रणगाड्यांच्या नुकसानीची ‘ओरिक्स’ या संकेतस्थळासारखी छायाचित्राधारित मोजणीसुद्धा याच मर्यादेत वाचावी. एखादा रणगाडा सुरुंगावर जाऊन निकामी होतो, त्यातील माणसे निघून जातात आणि नंतर त्याच्यावर ड्रोन आदळतो. आपण पाहतो ती चित्रफीत शेवटच्या आघाताची असते.

माझ्या मते तुमच्या मसुद्यातील खरी उणीव वेगळीच आहे. युद्धावर लिहिणाऱ्याला दोन प्रतिपक्षी असतात. एक असहमत असलेला वाचक आणि दुसरा, आपण ज्या शस्त्राचे गुण गात आहोत त्याच्यावर उतारा शोधत बसलेला शत्रू. पहिल्याची आठवण सगळ्यांना राहते, दुसऱ्याची फारशी राहत नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये ब्रिटिश नेते स्टॅन्ली बाल्डविन यांनी पार्लमेंटमध्ये सांगितले की, काहीही केले तरी बॉम्बफेकी विमान लक्ष्यापर्यंत पोहोचणारच. त्या वेळच्या माहितीवर ते विधान अजिबात मूर्खपणाचे नव्हते. परंतु फेब्रुवारी १९३५ मध्ये डॅव्हेंट्री येथे रेडिओलहरींनी विमानाचा ठाव घेण्याचा प्रयोग यशस्वी झाला आणि पाच वर्षांनी त्याच रडारच्या आधारावर ब्रिटनने जर्मन हवाई हल्ला थोपवला.

रणगाड्याचा मृत्यूलेखही पूर्वी लिहून झालेला आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये इजिप्तच्या पायदळाने ‘सॅगर’ या तारेने नियंत्रित होणाऱ्या क्षेपणास्त्रांनी पहिल्या दोन-तीन दिवसांत इस्रायली रणगाड्यांची दाणादाण उडवली, तेव्हा रणगाडा संपला असे जगभर म्हटले गेले. क्षेपणास्त्र लक्ष्यावर आदळेपर्यंत ते सोडणाऱ्याला दांडी हलवत ते वळवावे लागते, त्या काही सेकंदांत त्याच्यावर तोफांचा आणि मशीनगनचा मारा केला तर त्याचा नेम चुकतो, हे इस्रायली सैन्याच्या लक्षात आले. एकटे धावणारे रणगाडे पुन्हा पायदळ आणि तोफखान्यासोबत लढू लागले, आणि १५-१६ ऑक्टोबरच्या रात्री ते सैन्य सुएझ कालवा ओलांडून गेले. तुमच्या निबंधात ‘मग शत्रूने काय केले?’ हा प्रश्न प्रत्येक परिच्छेदाला विचारला गेला असता, तर त्याचा निम्मा कच्चेपणा तेथेच संपला असता.

युक्रेनमध्ये हाच क्रम अधिक वेगाने चालू आहे. २०२२ च्या पहिल्या आठवड्यांत गाजलेला टीबी-२ रशियाने आपली हवाई संरक्षण व्यवस्था नीट लावल्यावर मागे पडला. त्यानंतर स्वस्त लहान ड्रोन आले, त्यांचे संदेश अडवणारी जॅमिंग यंत्रे आली आणि २०२४ पासून जॅमिंगला दाद न देणारे, मागे बारीक ऑप्टिकल फायबरची तार सोडत जाणारे ड्रोन आले. तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावाही याच युद्धात आहे आणि आश्चर्य म्हणजे तो तुम्ही दिलेला नाही. अमेरिकेने दिलेले एब्रॅम्स रणगाडे ड्रोनच्या धोक्यामुळे आघाडीवरून मागे घ्यावे लागल्याचे एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनीच सांगितले होते. मात्र दोन्ही बाजूंनी रणगाडा टाकून दिलेला नाही, त्याचे काम बदलले आहे. तो जाळ्या-पिंजरे लावून फिरतो आणि पुष्कळदा दूर राहून तोफेसारखा मारा करतो.

आकडे वापरताना छेदस्थानी काय आहे ते पाहावे. १९९१ च्या आखाती युद्धात पॅट्रियट क्षेपणास्त्रांनी ४२ पैकी ४१ इराकी स्कड क्षेपणास्त्रे पाडल्याचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ती बनवणाऱ्या कारखान्यात जाऊन सांगितले. पुढे एमआयटीचे थिओडोर पोस्टोल यांनी चित्रफिती तपासून त्यावर गंभीर आक्षेप घेतले, लष्कराने आपले दावे खाली आणले आणि अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने १९९२ मध्ये म्हटले की, स्कडचे स्फोटक शीर्ष नष्ट झाल्याचा सर्वांत भक्कम पुरावा सुमारे ९ टक्के प्रसंगांतच आहे. याचा अर्थ पॅट्रियट निरुपयोगी होते असाही होत नाही. उरलेल्या प्रसंगांत भक्कम पुरावा नव्हता, एवढेच त्यातून निघते. यशाची व्याख्या कोणी केली, मोजणी कोणी केली आणि त्या आकड्यातून कोणाची विक्री किंवा लोकप्रियता वाढणार होती, हे लिहिल्याशिवाय टक्केवारी देऊ नये.

चित्रफितींबाबत मी फार लिहीत नाही. ‘आर्मा ३’ या संगणकीय खेळातील दृश्ये खऱ्या युद्धाची म्हणून इतकी पसरली, की तो खेळ बनवणाऱ्या कंपनीला २०२२ मध्ये खुलासा करावा लागला. मे २०२५ मध्ये कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची खोटी बातमी आपल्या काही वाहिन्यांनी रात्रभर दाखवली. त्याच संघर्षात आपली काही विमाने पडली, हे संरक्षणदल प्रमुखांनी ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये संख्या न सांगता मान्य केले. युद्ध चालू असताना कोणतेही सरकार सगळे सांगत नाही आणि त्यात गैर काही नाही. म्हणून ताज्या घटनेवर निष्कर्ष लिहिताना तो कोणत्या तारखेपर्यंतच्या माहितीवर आधारलेला आहे, हे वाक्यातच नमूद करावे.

आता राजकारण. ‘भारताने खर्च थांबवावा’ असे म्हणताच तुम्ही तंत्रज्ञानाच्या प्रांतातून निघून पैसा आणि धोका यांच्या निवडीच्या प्रांतात येता. तेथे पहिला प्रश्न असा की, रणगाडा नसता तर २०२० मध्ये पूर्व लडाखमध्ये चीनसमोर काय झाले असते? ऑगस्टच्या अखेरीस कैलास रांगेवरील शिखरे ताब्यात घेतल्यावर आपण तेथे रणगाडे नेऊन उभे केले, आणि त्या अनुभवातून सुमारे २५ टनांच्या ‘झोरावर’ या हलक्या रणगाड्याचे काम वेगाने पुढे गेले. जुलै २०२४ मध्ये आपल्याच तापीच्या मुखाशी, हजिऱ्याला, तो प्रथम दाखवण्यात आला. तुमचा निष्कर्ष टिकवायचा असेल तर या उदाहरणाला उत्तर द्यावे लागेल. ते वगळून चालणार नाही. दुसरा प्रश्न दारूगोळ्याचा. कॅगच्या २०१७ च्या अहवालानुसार दारूगोळ्याच्या सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारा नव्हता. वरणगावला काडतुसांचा कारखाना असलेल्या जिल्ह्याच्या शेजारी राहून आपण शस्त्रांवर पाने भरतो आणि गोळीला विसरतो, याचे मला नवल वाटते. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल नीरस असतात, पण ते संकेतस्थळावर फुकट मिळतात, आणि परीक्षकावर चित्रफितीपेक्षा त्यांचाच प्रभाव अधिक पडेल.

मसुद्याच्या शेवटी तुम्ही ओघात लिहिले आहे की, रशिया-युक्रेन युद्धामुळे रावेर-यावलच्या केळी उत्पादकांना पोटॅश महाग झाले. खानदेशातील वाचकाला भिडणारे हे उदाहरण आहे, पण कालक्रम तपासा. म्युरिएट ऑफ पोटॅश या खतासाठी आपण आयातीवर अवलंबून आहोत आणि रशिया व बेलारूस हे मोठे उत्पादक आहेत. मात्र बेलारूसच्या पोटॅश कंपनीवर अमेरिकेने ऑगस्ट २०२१ मध्येच निर्बंध घातले होते आणि त्यांचे कारण होते तेथील २०२० च्या निवडणुकीनंतरची दडपशाही. लिथुआनियाने तो माल आपल्या रेल्वेने बंदरात नेणे १ फेब्रुवारी २०२२ पासून थांबवले. युद्ध सुरू झाले २४ फेब्रुवारीला. म्हणजे टंचाईचे एक कारण युद्धाच्या आधीचे आहे आणि ते राजकीय आहे. युद्धाने तिच्यात भर घातली. एवढी दुरुस्ती केली की तेच विधान दुबळे न होता अधिक बळकट होते. दूरच्या युद्धाचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल याची चिंता करू नका. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरच्या शेतांत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्ष नेहरू स्पेनमधील यादवीवर बोलले होते.

१९१६ पासून अमळनेरला तत्त्वज्ञानाचे केंद्र असलेल्या आपल्या भागात पूर्वपक्ष म्हणजे काय हे सांगण्याची गरज नसावी, तरी त्याची कसोटी सांगतो. विरोधी मत तुम्ही असे मांडले पाहिजे की ते मत असणाऱ्या निवृत्त चिलखती दल अधिकाऱ्याने वाचून ‘हो, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हणावे. तुमच्या मसुद्यात त्याला ‘जुनाट विचारांचे सेनाधिकारी’ असे संबोधले आहे. ते शब्द काढा आणि त्या जागी त्याचा मुख्य मुद्दा लिहा. ड्रोन जमीन ताब्यात ठेवू शकत नाही. धुके, वारा आणि जॅमिंग यांत तो अडतो. आणि त्याच्याविरुद्धचे उपाय अजून बाल्यावस्थेत असल्यामुळे आजची त्याची आघाडी कायमची मानणे घाईचे ठरेल.

हे सगळे मान्य करूनही तुम्हाला लिहिण्यासारखे पुष्कळ उरते. मी तुमचे मध्यवर्ती विधान असे लिहिले असते : ‘२०२० ते २०२४ या काळातील युद्धांवरून दिसते की, हवाई संरक्षण, जॅमिंग आणि पायदळ यांची जोड नसलेला रणगाडा आघाडीवर टिकत नाही, म्हणून भारताने नवे जड रणगाडे मोठ्या संख्येने घेण्यापूर्वी असलेल्या रणगाड्यांच्या ड्रोनविरोधी संरक्षणावर आणि दारूगोळ्याच्या साठ्यावर आधी खर्च करावा, उत्तर सीमेवरील हलक्या रणगाड्यांचा अपवाद ठेवून.’ हे वाक्य घोषणेसारखे गाजणार नाही. पण त्यात काळ आहे, अट आहे, अपवाद आहे, आणि ते कशाने चूक ठरेल हेही वाचकाला कळते, कारण अशी जोड नसतानाही रणगाडे तगल्याचे एखादे युद्ध कोणी दाखवले की ते कोसळेल.

शब्दमर्यादेत जागा हवी असेल तर चित्रफितींच्या वर्णनांची दोन पाने वगळा आणि पोटॅशचा परिच्छेद वेगळ्या लेखासाठी राखून ठेवा. सुधारलेला मसुदा येथे टाकलात तर लडाखचा भाग मी विशेष लक्ष देऊन वाचीन.